आधी हातचा ठेवा: शब्द-अंकांचा डाव घरी मांडायचा तर

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान चालवणारे आमचे दाजी आणि प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली आमची आक्का, हे नवरा-बायको दर रविवारी संध्याकाळी शब्द-अंकांचा डाव खेळायला समोरासमोर बसतात. मध्ये मोबाइलवरचं तीस सेकंदांचं घड्याळ, बाजूला दोन वह्या. मी पंच. हरेल त्यानं रात्रीचा रस्सा करायचा, असा ठराव आहे. त्यामुळे पंचाला जेवण नक्की मिळतं, फक्त चवीची खात्री नसते.

शेजारपाजारचे लोक बघायला यायला लागले, तसं "आम्हालाबी शिकवा की" सुरू झालं. एकेकाला तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून हे लिहून काढतोय.

खेळ मूळचा फ्रान्सचा. तिथल्या टीव्हीवर १९६५ साली नुसता लांब शब्द शोधण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९७२ मध्ये त्याला आकड्यांची जोड मिळाली. इंग्रजांनी तो उचलला आणि 'काउंटडाउन' नावानं २ नोव्हेंबर १९८२ रोजी दाखवायला सुरुवात केली. चॅनल फोर ही वाहिनी सुरू झाली तो हाच दिवस. दोन खेळाडू; नऊ अक्षरांतून लांबात लांब शब्द, सहा आकड्यांतून दिलेली संख्या; वेळ तीस सेकंद. विजेत्याला चहाची किटली देतात! पैशाचं बक्षीस नसताना लोक चाळीस वर्षांहून जास्त काळ यासाठी जीव टाकतात. तालमीच्या गावात हे कुणाला वेगळं समजावून सांगायला नको.

आधी सामान जमवा

जुन्या लग्नपत्रिका काढा. जाड असतात, मागची बाजू कोरी असते आणि प्रत्येक घरात गठ्ठा पडलेला असतो. त्याचे चौकोनी पत्ते कापा.

आकड्यांचे पत्ते चोवीस. १ ते १० प्रत्येकी दोन, हे झाले वीस बारके. २५, ५०, ७५, १०० प्रत्येकी एक, हे चार मोठे. टीव्हीवरही हेच चोवीस असतात, इथं आपण काहीच बदललेलं नाही.

अक्षरांचं मात्र तसं जमत नाही. इंग्रजीत स्वर वेगळा, व्यंजन वेगळं, एकापुढे एक मांडलं की झालं. आपल्याकडे मात्रा अक्षराच्या डोक्यावर, पायाशी, मागं-पुढं कुठंही बसते. सुरुवातीला आम्ही मात्रांचेही पत्ते केले होते. दोन रविवार नुसत्या भांडणात गेले. मग आक्कानं तोडगा काढला: पत्त्यावर फक्त अक्षर, मात्रा आणि अनुस्वार फुकट. म्हणजे म, स, ळ हे तीन पत्ते आले की त्यातून मिसळ होते, मुसळ होतं आणि मासळीही होते. क, र, ण आले तर कारण, किरण, करणी, करुणा, हवं ते करा. जोडाक्षर करायचं तर दोन पत्ते लागतात आणि गुणही दोन मिळतात. 'शब्द' तीन पत्त्यांचा, 'कर्ज'ही तीन पत्त्यांचं.

पत्ते दोन डब्यांत ठेवा. हलक्या डब्यात क, ण, त, न, प, म, र, ल, व, स ही दहा अक्षरं, प्रत्येकी चार. भारी डब्यात ग, च, ज, ट, ड, द, ब, य, श, ह प्रत्येकी दोन; ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, ष, ळ एकेक; आणि स्वरांपैकी अ, आ दोन-दोन, इ, उ, ए, ओ एकेक. इ चा पत्ता ई म्हणूनही चालतो, उ चा ऊ म्हणून. दोन्ही डब्यांत चाळीस-चाळीस पत्ते भरतात. क्ष हवा तर क आणि ष जोडा. ज्ञ आम्ही सोडून दिला, त्याबद्दल आक्का अजून नाराज आहे.

मग नियम ठरवा, आणि ते खेळाआधीच

ज्याची पाळी तो "हलका" किंवा "भारी" म्हणत नऊ पत्ते मागतो. किमान एक भारी घ्यायचाच. नववा पत्ता पडला की घड्याळ सुरू. वेळ संपल्यावर दोघांनी आपापल्या शब्दाची लांबी सांगायची, ज्यानं पत्ते मागितले त्यानं आधी. ज्याचा शब्द लांब त्यालाच गुण, पत्त्याला एक. लांबी सारखी असेल तर दोघांनाही. नऊच्या नऊ वापरले तर नऊऐवजी अठरा गुण. आणि सांगितलेला शब्द चुकीचा निघाला तर शून्य, मग समोरच्याचा शब्द कितीही छोटा असो, गुण त्याला.

मराठीत एक कुंपण घालावंच लागतं. विभक्ती लावू द्यायची नाही. 'घर' चालेल, 'घरातल्यांनासुद्धा' चालणार नाही. नाहीतर पाच मिनिटांत खेळाचा चोथा होतो. क्रियापद घ्यायचं तर 'णे' लावून, कोशात असतं तसं. गावांची आणि माणसांची नावं बाद.

कोश कुठला मानायचा? आमच्यात दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शेवटचा शब्द मानला जातो. त्याचा पहिला खंड १९३२ चा. प्रांतोप्रांतीचे शब्द त्यात सापडतात, त्यामुळे आपल्याकडचा रांगडा शब्द टाकला तरी आशा असते. खंड घरात नसतील तर जवळचं वाचनालय गाठा. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० सालापासूनची संस्था ज्या गावात आहे, तिथं कोश मिळत नाही ही सबब चालायची नाही.

पण जुन्या कोशाला एक खोट आहे, आणि ती आम्हाला भर खेळात कळली. पत्ते पडले होते क, र, म, ण, क, प, त, ल आणि शेवटी भारी डब्यातून ढ. आक्कानं पाच सांगितले: करमणूक. दाजी म्हणाले, सहा.

"सहा? काय हो?"

"पालकमंत्री."

प, ल, क, म, त, र. अनुस्वार फुकट. पत्ते चोख. आक्का म्हणाली, कोशात नाही. खरंच नाही, कारण कोश झाला तेव्हा पालकमंत्री नावाची गोष्टच नव्हती. दाजी म्हणाले, "अगं, रोज पेपरात पहिल्या पानावर असतोय की त्यो!" मी दाजींच्या बाजूनं निकाल दिला आणि त्या दिवसापासून पोटनियम झाला: कोशात नसलेला शब्द पंचाला अर्थासह ठाऊक असेल आणि वर्तमानपत्रात सर्रास छापला जात असेल तर चालतो. तुम्ही हा पोटनियम घ्या किंवा नका घेऊ, पण पहिला पत्ता पडायच्या आधी ठरवा.

शब्दांच्या डावात काय बघायचं

नवखा माणूस नऊ पत्त्यांकडे टक लावून बघतो आणि मोठा शब्द आपोआप उमटेल म्हणून वाट पाहतो. तो उमटत नाही. पहिल्या पाच-सात सेकंदांत जो बरा शब्द दिसेल तो वहीत लिहून टाका, चार पत्त्यांचा का असेना. बेरीज करताना आपण हातचा घेतो ना, तसा. हातचा घेतला की डोकं मोकळं होतं. आता उरलेल्या वेळात लांब शब्दाच्या मागे पळा, सापडला तर आनंद, नाही सापडला तर चार गुण कुठं गेलेले नाहीत.

लांब शब्द शोधायचा तो शेपटाकडून. ण आणि क दोन्ही दिसले की 'णूक' बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्या पत्त्यांत तोंड शोधा: नेमणूक, वागणूक, मिरवणूक, फसवणूक, निवडणूक, गुंतवणूक. ण एकटा असेल तर 'णे' आहेच, आणि व सोबतीला असेल तर 'वणे': करवणे, पळवणे, कालवणे. द-र दिसले तर 'दार' आणि 'दारी'. त-व असतील तर 'त्व', नुसता त असेल तर 'ता'. ग-र म्हणजे 'गिरी'. हलक्या डब्यात आम्ही ण मुद्दाम चार ठेवलेत ते यासाठीच.

दुसरी गोष्ट, जोडाक्षरं विसरू नका. डोळा सवयीनं सुटी अक्षरं वाचतो. र आणि य हे दोन पत्ते कुणालाही चिकटतात हे ध्यानात ठेवलं तर पाचाचे सहा होतात. 'व्यवस्थापन' हा सात पत्त्यांचा शब्द आक्कानं असाच काढला होता. व दोन आहेत आणि य, थ हे दोन अवघड पत्ते उरलेत, मग त्यांना कुणाच्या तरी खांद्यावर बसवावंच लागेल, असा तिचा हिशेब.

सराव फुकटात होतो. महाद्वार रोडवरून जाताना दुकानांच्या पाट्या मनातल्या मनात मात्रा पुसून वाचा आणि त्याच अक्षरांतून दुसरा शब्द काढा. गर्दीत पुढं सरकता येत नाहीच, तेवढा वेळ सत्कारणी लागतो.

आकड्यांचा डाव

इथं मला जरा जास्त बोलायचंय, कारण लोक सगळ्यात जास्त इथंच बिचकतात आणि मराठी माणसानं इथं बिचकण्याचं कारण नाही.

ज्याची पाळी तो मोठे किती आणि बारके किती ते सांगतो, एकूण सहा. मग एक तीन आकडी संख्या काढायची. टीव्हीवर ती यंत्र देतं, घरी ० ते ९ च्या चिठ्ठ्यांतून तीनदा उचला, पहिलं शून्य आलं तर परत. तीस सेकंदांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून त्या संख्येला पोचायचं. प्रत्येक पत्ता एकदाच, सगळे वापरायलाच हवेत असं नाही. मध्येच अपूर्णांक किंवा शून्याखालची संख्या येता कामा नये. बरोबर पोचलात तर दहा गुण, पाचच्या आत राहिलात तर सात, दहाच्या आत पाच. इथंही जो जवळ त्यालाच गुण, सारख्याच अंतरावर असाल तर दोघांनाही.

संख्या ऐकली की आधी अंक लिहा. सदुसष्ट म्हणताना आपण आधी सात बोलतो आणि मग साठ, त्यामुळे घाईत ६७ चे ७६ करणारे पुष्कळ. माझ्या पंचगिरीत निम्मी रडगाणी याचीच असतात. पण हीच आपली संख्यानामं दुसरीकडे मदत करतात. एकोणऐंशी म्हटलं की ऐंशीतून एक वजा करा, हे नावातच आलं.

आणि खरी गंमत मोठ्या पत्त्यांची. २५, ५०, ७५, १०० म्हणजे आपले पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण शेकडा. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे, ही भाषा आपण बाजारात रोज बोलतो. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी (पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे) घोकून घ्यायचे. दाजींना ती त्यांच्या वडिलांनी गल्ल्यावर बसवून पाठ करून घेतली. ७५ चा पाढा त्यांच्या तोंडी असा येतो: पाऊणशे, दीडशे, सव्वादोनशे, तीनशे, पावणेचारशे, साडेचारशे, सव्वापाचशे, सहाशे, पावणेसातशे, साडेसातशे. आता समजा संख्या आली ६७८ आणि पत्ते आहेत ७५, १०, ९, ४, २, १. पावणेसातशेला तीन जास्त. ७५ × ९ = ६७५, त्यात २ + १. संपलं. तीस सेकंद कशाला हवेत?

म्हणून पहिली सवय ही लावा: आलेली संख्या सव्वा-साडे-पावणेच्या भाषेत मनात म्हणा. ७४३? साडेसातशेला सात कमी. पत्ते होते १००, २५, ८, ७, ६, ३. दाजींनी ३ × ८ = २४, अधिक ६ म्हणजे ३०, ३० × २५ = ७५०, आणि राहिलेला ७ वजा केला. आक्का दुसऱ्या वाटेनं गेली: ७ × १०० = ७००, उरले ४३, त्यात २५ आणि ६ × ३ = १८. दोघंही पोचले, दोघांनाही दहा. आक्काची वाट नवख्यांसाठी जास्त सोपी आहे. शंभर हातात असेल तर शेकडा उभा करा आणि राहिलेल्या दोन अंकांकडे वळा.

दुसरी सवय, शंभरात आधी मिसळा आणि मग गुणा. १०० + ४ करून सहानं गुणलं की ६२४. वरचा चार सहापट होऊन येतो, हे हातात बसलं की अर्धा खेळ आला.

या मिसळण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ब्रिटिश कार्यक्रमातलं आहे. १९९७ साली जेम्स मार्टिन नावाच्या खेळाडूपुढे १००, ७५, ५०, २५, ६, ३ हे पत्ते आले आणि संख्या होती ९५२. आपण काय केलं असतं? ६ + ३ = ९, नऊ गुणिले शंभर नऊशे, अधिक ५०, झाले साडेनऊशे. दोननं कमी, म्हणजे सात गुण पाच सेकंदांत हातचे. ते लिहा आणि मग पुढचा विचार करा. त्यानं काय केलं बघा: १०० + ६ = १०६, १०६ × ३ = ३१८, ३१८ × ७५ = २३,८५०, त्यातून ५० वजा म्हणजे २३,८००, आणि भागिले २५. बरोबर ९५२! बघणाऱ्याला जादू वाटते, पण आत साधी गोष्ट आहे. १०६ × ९ = ९५४, त्यातून २ गेले की ९५२. नऊ कुठून आणायचे? ७५ × ३ ÷ २५ मधून. दोन कुठून? ५० ÷ २५ मधून. पण २५ चा पत्ता एकच. मग दोन्हीकडचा भागाकार थांबवला आणि शेवटी एकदाच सगळ्याला भागलं. वहीत एकदा हे स्वतः करून बघा, नुसतं वाचून ते मुरत नाही.

सुरुवातीला एक मोठा आणि पाच बारके, किंवा दोन मोठे आणि चार बारके मागा. चारही मोठे मागणं हा शौक आहे, तो पुढं करा. सरावाला सिग्नलवर पुढच्या गाडीची पाटी बघायची: एमएच ०९ नंतरच्या चार अंकांतून शंभर होतात का. मागचा हॉर्न वाजवायला लागला की घड्याळ संपलं समजायचं.

शेवटचा कोडं-डाव

टीव्हीवर पंधरा डाव असतात: दहा शब्दांचे, चार आकड्यांचे आणि शेवटी एक कोडं. घरी सात पुरेत, चार-दोन-एक. कोड्यात पंच एका लांब शब्दाचे पत्ते उलटेपालटे मांडतो आणि दोघांना एकदमच तीस सेकंद मिळतात. ज्याला आधी सुचेल त्यानं घंटी वाजवायची (आमच्याकडे ताटलीवर चमचा) आणि लगेच उत्तर द्यायचं. बरोबर आलं तर दहा गुण. चुकलं तर तो बाद, आणि उरलेला सगळा वेळ समोरच्याचा एकट्याचा. हे शेवटचं वाक्य पाठ करा.

कारण गेल्या रविवारी काय झालं ते सांगतो. पाच डावांनंतर आक्का २८, दाजी २१. सहावा डाव आकड्यांचा. पत्ते ५०, ९, ८, ७, ४, ३ आणि संख्या ८७६. दाजींनी ऐकल्या ऐकल्या मान हलवली, पावणेनऊशेला एक जास्त. ९ + ८ = १७, सतरा पन्नास साडेआठशे; ७ × ४ = २८, वजा ३ म्हणजे २५. झाले ८७५. लिहून घेतलं आणि एकासाठी खटपट करत बसले, तो एक काही मिळाला नाही. आक्काला त्यांच्यापेक्षा सुरेख वाट दिसली होती. ८७६ म्हणजे ८८० वजा ४, आणि ८८० म्हणजे आठ गुणिले ११०. आता ५० मध्ये साठ घालायचे. ती साठ शोधत राहिली, घड्याळ संपलं आणि वहीत एकही पूर्ण संख्या नव्हती. शून्य. वेळ संपल्यावर तीन सेकंदांनी ती ओरडली, "अहो, नऊ साती त्रेसष्ट वजा तीन!" उत्तर अगदी बरोबर, पण उशिरा. दाजींना सात, दोघंही २८ वर.

मी कोडं मांडलं. ह, व, त, र, व, प, य, र. असं काही आलं की आधी जोड्या बघा. र दोनदा, व दोनदा, य एकदा. य बहुधा कुणाला तरी चिकटलेला असणार, र पैकीही एखादा. दाजींना समोर 'व्यवहार' दिसला, आणि दुकानदाराला दुसरं काय दिसणार! व, य, व, ह, र. खाडकन चमचा आपटला. मग लक्षात आलं की प, त, र अजून बाहेरच आहेत. "व्यवहार… पार… पूर्त…" असं काहीतरी पुटपुटले. मी हात वर केला. बाद.

घड्याळावर एकवीस सेकंद होते. आक्कानं चष्मा काढून पुसला, परत लावला आणि कोऱ्या पानावर आधी 'व्यवहार' लिहिलं, तेच दाजींनी फुकटात दाखवलेलं. उरलेल्या तीन पत्त्यांकडे तिनं एकदाच बघितलं.

"पत्रव्यवहार," ती म्हणाली. "आणि मीठ बेतानं घाला हो, गेल्या वेळी पांढरा रस्सा खारट झाला होता."